पावसाची वही: जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेची मोजणी

जुन्नर तालुक्यात पाऊस एकसारखा पडत नाही. नाणेघाट-घाटघरच्या अंगाला आषाढात दिवसदिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच दिवशी आळे-बेल्हे भागातला शेतकरी पेरलेलं वाया जातंय का, या घोरात असतो. तालुक्याचा म्हणून जो सरासरी आकडा छापून येतो, तो यातल्या कोणाच्याच शिवाराचा नसतो. कुकडीच्या खोऱ्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या मुलामुलींनी गावाचा पाऊस गावातच मोजायला घेतला, तो यासाठी. १ जून ते ३० सप्टेंबर असा सलग हंगाम त्यांनी भरून काढला. ती वही तालुका विज्ञान प्रदर्शनात मांडली गेली, तिथून तिची जिल्ह्यासाठी निवड झाली आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला मुलं ती घेऊन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर भरणाऱ्या प्रदर्शनातही उभी राहिली. हे सगळं कसं केलं, काय लागलं आणि कुठे बिघडतं ते इथे सविस्तर लिहितो आहोत. पाऊस मोजायला कुठल्याही शाळेला परवानगी लागत नाही, आणि खर्च हजाराच्या आत बसतो.

आधी यंत्राबद्दल. पाठ्यपुस्तकातलं बाटलीचं पर्जन्यमापक वर्गात दाखवायला चांगलं, पण आमच्याकडच्या पावसाला ते पुरत नाही. दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचा सरळ भाग जेमतेम पंधरा सेंटिमीटर असतो, म्हणजे दीडशे मिलिमीटरला ती काठोकाठ भरते. पश्चिम पट्ट्यात एका रात्रीत तेवढा पाऊस होऊ शकतो. त्यापुढचं पाणी वाहून जातं आणि नेमकी मोठ्या पावसाचीच नोंद खोटी पडते. म्हणून मुख्य यंत्र वेगळं बनवलं.

त्याला लागतं ते असं: झाकणासकट रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, पाच लिटरचे तेलाचे दोन कॅन, प्लास्टिकचं एक नरसाळं, १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा, सिलिकॉनची एक ट्यूब, आणि मोजायला दोन नपणी, म्हणजे खुणा असलेली मोजपात्रं: एक १०० मिलिलिटरचं, एक १००० मिलिलिटरचं. पाइपचा तुकडा प्लंबरकडे फुकट मिळतो. तेलाचे कॅन मात्र गरम पाणी आणि सोड्याने तीन-चार वेळा धुवावे लागतात. आत तेलाचा पापुद्रा राहिला तर तो नपण्यात तरंगतो आणि पाण्याची रेघ नीट वाचता येत नाही.

पाइपच्या तुकड्यात नरसाळं खालून बसवून सिलिकॉनने चिकटवायचं. वर पाइपची उभी भिंत निदान दहा-बारा सेंटिमीटर शिल्लक राहिली पाहिजे. नुसतं उथळ नरसाळं ठेवलं तर टपोरे थेंब आपटून बाहेर उडतात, आणि मोठ्या सरीत हा तोटा वाढत जातो. पाइपचा वरचा काठ कानशीने बाहेरच्या बाजूने उतरता घासून धारदार करायचा. जाड काठावर पडलेला थेंब आत जाईल की बाहेर, याचा नेम नसतो. नरसाळ्याची नळी बादलीच्या झाकणातल्या भोकातून खाली कॅनच्या तोंडात उतरते. झाकण आणि पाइप यांचा सांधाही सिलिकॉनने बंद करायचा, नाहीतर झाकणावर पडलेला पाऊस आत झिरपतो. बादलीच्या तळाला भोक पाडायचं नाही. कॅन भरून सांडलाच, तर ते पाणी बादलीत सापडतं आणि मोजता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप: तोंडाचा आतला व्यास. पाइप १६० मिलिमीटरचा म्हणतात तो बाहेरून. आमच्या तुकड्याचा आतला व्यास १५.२ सेंटिमीटर भरला. पाइपची जाडी प्रकाराप्रमाणे बदलते, त्यामुळे आमचा आकडा उचलू नये, आपला मोजावा. कापताना पाइप थोडा दबलेला असतो, म्हणून एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्यायचे आणि सरासरी काढायची. मुलांनी गणित केलं: त्रिज्या ७.६, वर्ग ५७.७६, गुणिले ३.१४१६, म्हणजे क्षेत्रफळ १८१.५ चौरस सेंटिमीटर. एवढ्या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १८.१५ मिलिलिटर पाणी जमतं. पुढे रोजचं काम एका भागाकाराचं. नपण्यात १,३८० मिलिलिटर भरलं, तर १,३८० भागिले १८.१५, म्हणजे ७६.० मिलिमीटर. पाच लिटरचा कॅन या हिशेबाने २७५ मिलिमीटरपर्यंत पुरतो.

व्यासात दोन मिलिमीटरची चूक काही मोठी नाही असं वाटतं. पण १५.२च्या जागी १५.० धरलं तर क्षेत्रफळ कमी येतं आणि पाऊस २.७ टक्के जास्त दिसतो. हंगामात दोन हजार मिलिमीटर पडला तर पन्नासहून अधिक मिलिमीटर नुसत्या पट्टीने पाडलेले. सातवीच्या वर्गात वर्तुळाच्या क्षेत्रफळाला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हांला सापडलेलं नाही.

जागा निवडताना मुलांनी दोरी आणि काठी घेऊन मैदान मोजलं. नियम असा की जवळच्या झाडाची किंवा भिंतीची उंची यंत्राच्या तोंडापासून जेवढी वर असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. शाळेचं छप्पर चार मीटर, तर आठ मीटर लांब. आंबा नऊ मीटर, तर अठरा मीटर. खो-खोचं मैदान सोडून अशी जागा कुंपणाच्या कोपऱ्यातच मिळते. शाळेच्या गच्चीवर ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे गुरं येत नाहीत. पण उंचावर वारा जोरात असतो आणि तो थेंब तोंडावरून उडवून नेतो. पाऊस कमी भरतो, आणि किती कमी ते सांगता येत नाही. यंत्र जमिनीवरच हवं. तोंड जमिनीपासून निदान तीस सेंटिमीटर वर, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जात नाहीत.

बादली कलंडू नये म्हणून वीतभर खड्ड्यात बसवतात. आमच्या भागात इथेच घोटाळा होतो. जुलैत जमीन पाण्याने फुगलेली असते, खड्ड्यात पाणी साचतं आणि जवळपास रिकामी बादली तरंगून तिरकी होते. उपाय सोपा आहे: खड्ड्यात खाली खडी, उताराच्या बाजूला पाणी निघायला चर, आणि बादलीभोवती दगड ठासून. गवंड्याची पाणसळ तोंडावर आडवी-उभी ठेवून तोंड समपातळीत आहे का ते बघायचं आणि दर महिन्याला पुन्हा बघायचं. भोवती काठ्या आणि जाळीचं कुंपण घातलं, तेही यंत्रापासून सुटं. शेळ्या जाळीला अंग घासतात. पानं आणि किडे अडवायला नरसाळ्यात जाळी टाकायची तर ती मोठ्या भोकांची घ्यावी. डासांच्या जाळीवर भुरभुर पावसाचे थेंब तसेच अडकून बसतात आणि वाळून जातात.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांत चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजतात. जागतिक वेळेप्रमाणे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. मुलांना हे सांगितलं की वेळेचं महत्त्व वेगळं समजावावं लागत नाही. तुम्ही साडेआठला वाचलंत तर तुमचा आकडा शिवाजीनगरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, साडेदहाला वाचलंत तर नाही.

पण शाळा भरते त्यानंतर, आणि जून सुरू होतो तेव्हा तर उन्हाळ्याची सुट्टी चालू असते. रविवार, लावणीचे दिवस, गौरी-गणपती, या सगळ्यांत वही बंद पडण्याची भीती. म्हणून पाळ्या इयत्तेप्रमाणे न लावता घराच्या अंतराप्रमाणे लावल्या. शाळेपासून पाच मिनिटांत राहणारी मुलं सुट्टीच्या दिवशी, लांबच्या वाडीवरची मुलं शाळेच्या दिवशी. प्रत्येक पाळीला तिघं: दोघं मोजणारी, एक लिहिणारा. कोणी मामाच्या गावाला जाणार असेल तर आदल्या दिवशी पाळी बदलून घ्यायची आणि फळ्यावर तसं लिहायचं.

रोजचं काम असं चालतं. पाऊस चालू असला तरी साडेआठला झाकण उघडायचं, भरलेला कॅन उचलायचा आणि त्याच क्षणी दुसरा रिकामा कॅन आत ठेवायचा. दोन कॅन त्यासाठीच. पाणी व्हरांड्यात आणून मोजायचं. नपणं हातात धरून वाचलं की ते तिरकं होतं. ते ओट्यावर ठेवून, गुडघ्यावर बसून, डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचायचं. पाणी काचेला किंवा प्लास्टिकला कडेने थोडं वर चढलेलं दिसलं तर मधला खालचा भाग खरा. पहिला वाचतो आणि गप्प बसतो, दुसरा वाचतो, मग दोघं आकडा एकदम सांगतात. जुळला नाही तर पुन्हा. वहीत आकडा चढून भागाकार तपासला जाईपर्यंत पाणी ओतायचं नाही, हा नियम आम्ही फार कडक ठेवला. एकदा पाणी ओतलं की तो दिवस परत मोजता येत नाही.

लिहायचं पेन्सिलीने. पावसाळ्यात कागद दमट असतो, बॉलपेन अडकतं आणि शाईचं पेन फुटतं. खोडरबर वहीजवळ ठेवायचंच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा, म्हणजे जुनाही दिसतो.

वहीतली सर्वांत अवघड शिस्त शून्याची आहे. पाऊस नाही म्हणून कॅन कोरडा मिळाला, तर ०.०. नरसाळं ओलं आहे, पण मोजण्याइतकं पाणी नाही, तर ‘अल्प’. आणि कोणी मोजलंच नाही, तर रिकामी चौकट आणि कारण. मुलांना रिकामी चौकट बघवत नाही, ती शून्य भरून मोकळी होतात. शिक्षकांनाही मोह होतो. पण न मोजलेल्या दिवशी शून्य लिहिणं म्हणजे ‘पाऊस पडला नाही’ असं खोटं सांगणं आहे, आणि ऑगस्टातल्या अशा दोन शून्यांनी पावसाचा खंड पडल्याचं चित्र तयार होतं. एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी जमलेलं सगळं पाणी मोजायचं आणि ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचं. बेरीज बरोबर राहते, आणि कोणत्या दिवशी किती, हे माहीत नसल्याचंही नोंदलं जातं. आमच्या मते हंगामभराच्या कामातलं हे शिक्षण सगळ्यांत मोठं.

तारखेवरूनही वाद होतात. १२ जुलैला सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस १२ तारखेचा म्हणून लिहायचा, जरी तो बराचसा ११ला दिवसा पडलेला असला तरी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मुलं आकडा लिहीत असताना एखादे बाबा हमखास थांबवतात: “पोरा, पाऊस तर काल पडला की!” मुलांनी आता फळ्यावरच ‘काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०’ अशी ओळ कायमची रंगवून घेतली आहे.

फळ्यामुळे एक गोष्ट घडली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जुलैचा पाऊस किती, या प्रश्नात रस नव्हता. त्यांचा हिशेब नक्षत्रांचा. मृगात किती, आर्द्रात किती, तरणा किती आणि म्हातारा किती, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य. मग मुलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून सूर्य कोणत्या तारखेला कोणत्या नक्षत्रात जातो ते काढलं आणि त्याच आकड्यांची नक्षत्रवार बेरीज मांडली. यात एक बारकावा आहे. नक्षत्र दुपारी किंवा रात्री केव्हाही बदलतं, आणि आपला दिवस साडेआठला तुटतो. म्हणून नक्षत्र लागल्यानंतर येणाऱ्या पहिल्या साडेआठच्या मोजणीचा पाऊस जुन्याच नक्षत्रात धरायचा आणि त्यापुढचा नव्यात, असं ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. दुसरं काही ठरवलं असतं तरी चाललं असतं, फक्त ते दरवर्षी बदलता कामा नये. तेव्हापासून फळ्यापाशी थांबणारी माणसं वाढली. तरव्याचं पाणी, खाचरं भरणं, लावणीची तारीख यांच्या गप्पा आता आकडा धरून होतात.

हवामान खात्याची वर्गवारी मुलांना पाठ आहे: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार; त्यापुढे अत्यंत जोरदार. आमच्या यंत्रात पावसाचा दिवस म्हणजे सुमारे ४५ मिलिलिटर पाणी. नपण्यावर तिथे एक लाल पट्टीच चिकटवली आहे.

शासनाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळवार रोज मिळतात. महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र, आणि मंडळात कितीतरी गावं. मुलांनी दोन्ही आकडे शेजारी लिहिले. रोजचे आकडे बऱ्याचदा वेगळे निघतात, कधी आमचा जास्त, कधी मंडळाचा. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सर डोंगराच्या या अंगाला पडते किंवा त्या; घाटमाथ्यापासूनच्या अंतराप्रमाणे पाऊस झपाट्याने बदलतो; शिवाय यंत्रही निराळं. स्वयंचलित यंत्रात छोटी पळी भरली की उलटते आणि तेवढा पाऊस मोजला जातो. सर फार जोराची असली तर उलटण्याच्या क्षणी थोडं पाणी निसटतं. म्हणून कोणता आकडा खरा, असा प्रश्न मुलांना आम्ही विचारू देत नाही. दोन्ही आपापल्या जागेचे आहेत.

गावकऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची जी अट बघतात, ती मंडळाच्या अधिकृत नोंदीवर. शाळेच्या वहीला तिथे पुराव्याचं स्थान नाही. ही आशा लावून कोणी मुलांवर आकडा वाढवण्याचा दबाव आणू नये, म्हणून हे पालक सभेतच बोलून ठेवलेलं बरं.

वाड्यांवर मात्र बाटल्या उपयोगी पडल्या. वरच्या वाडीतल्या मुलांनी दोन लिटरच्या बाटल्यांची मापकं घराजवळ लावली. तळ खोलगट-उंच असतो, त्यात सिमेंटचं पाणीदार कालवण ओतून तो सपाट केला, वाळल्यावर सिमेंटच्या वरच्या पातळीला शून्य धरून कागदी पट्टी चिकटवली आणि वर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली. उन्हाने बाटली कडक होऊन तडकते, आत शेवाळ धरतं. हंगामात एकदा तरी बदलावी लागते. एक-दोन मिलिमीटरचा फरक गृहीतच धरायचा. तरीही शाळेत ओलंसुद्धा नाही आणि वाडीवर बाटली बोटभर भरली, असे दिवस त्यातूनच कळले.

यंत्र तपासायला दर महिन्याला कोरड्या दिवशी, सकाळची मोजणी झाल्यावर, बरोबर १८१.५ मिलिलिटर पाणी तोंडातून सावकाश ओततात. खाली १० मिलिमीटर भरले पाहिजेत. कमी भरले तर सिलिकॉनचा सांधा उकललेला असतो किंवा नळी कॅनच्या तोंडातून बाजूला सरकलेली असते. दसऱ्याच्या सुमाराला मुंग्या नळीत माती भरतात, ते वेगळंच.

प्रदर्शनाची तयारी तुलनेने सोपी, कारण दाखवायला खरं काम होतं. तोंड मोठं केलं तर पाऊस जास्त भरतो का, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. वेगवेगळ्या तोंडाची दोन भांडी ठेवून झारीने पाणी शिंपडून दाखवायचं मुलांच्या मनात होतं, पण झारीचं पाणी सगळीकडे सारखं पडत नाही आणि आकडे जुळत नाहीत. त्यापेक्षा खऱ्या पावसात दोन्ही भांडी शेजारी ठेवून घेतलेल्या नोंदी दाखवाव्या: मिलिलिटर वेगळे, भागाकार केल्यावर मिलिमीटर जवळपास सारखे. परीक्षकांनी वही उघडली आणि बोट ठेवलं ते रिकाम्या चौकटीवर. वाडीवरच्या बाटलीच्या पानात ती होती. बाटली वाऱ्याने पडली, असं कारण शेजारी लिहिलेलं होतं, आणि पाळीवरच्या मुलीने ते न अडखळता सांगितलं. चकचकीत फ्लेक्सऐवजी डाग पडलेली मूळ वही टेबलावर ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे. मुलांना पाठ केलेलं भाषण देऊ नये. जी बोली ती घरी बोलतात, त्यात ती जास्त नेमकं सांगतात.

सातवी शाळेतून बाहेर पडते, म्हणून एप्रिलमध्ये काम पुढच्या तुकडीकडे सोपवतात. जुनी पाळी नव्या पाळीला व्यास मोजायला लावते, क्षेत्रफळ काढायला लावते, आणि उत्तर १८१.५ आलं तरच कॅन हातात देते. वहीची दुसरी प्रत शाळेच्या कपाटात वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते, कारण खालच्या फळीला ओल येते. या वर्षी तिथे दोन नवे कॅन आणि सिलिकॉनची ट्यूब आणून ठेवली आहे. वळवाची पहिली सर पडायच्या आत सांधे पुन्हा भरून घ्यायचे आहेत.